ट्रेसपासर्स: पाटी अडली आहे, या शब्दाचा खरा अर्थ सांगा

चार_नंबर_ब्रश (शनिपार, पुणे)

मंडळी, मी पाट्या रंगवतो. फ्लेक्स नाही, हाताने. धंदा वडिलांपासूनचा. आता शाळेच्या भिंती, गाड्यांचे नंबर, आणि पुण्यात "येथे गाडी लावू नये"ला कधी मरण नाही, त्यावर घर चालतं.

सध्या एक काम अडलंय. पानशेत रस्त्याला एका काकांची वीस गुंठे जागा आहे. पावसाळा लागला की रविवारी लोक गाड्या बाहेर लावतात, तारेखालून आत शिरतात, तीन दगडांची चूल मांडतात, आणि संध्याकाळी पत्रावळ्या-बाटल्या टाकून जातात. काकांना चार फूट बाय तीन फुटांची पाटी हवी आहे. वर इंग्रजीत "ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड", खाली तेच मराठीत.

इंग्रजी मला झोपेत विचारलं तरी काढता येईल. वडिलांनी प्रभात रोडपासून बंडगार्डनपर्यंत किती बंगल्यांच्या फाटकांवर ते रंगवलं असेल, मोजदाद नाही. वडील सातवी शिकलेले. इंग्रजी येत नव्हतं, अक्षरं चित्रासारखी उतरवायचे. मला म्हणायचे, "हा शब्द काढ, हात बसेल. अकरा अक्षरं आहेत आणि त्यात चार एस." ज्याने ब्रशने एस काढलाय त्यालाच यातलं दुखणं कळेल. वरची वाटी खालच्या वाटीपेक्षा किंचित लहान ठेवावी लागते, सारखी ठेवली की अक्षर पालथं पडल्यासारखं दिसतं. एकदा मी त्यांना अर्थ विचारला होता. म्हणाले, "आत आलास तर बघून घेईन, असं काहीतरी असणार. फाटकावर दुसरं काय लिहितात?"

मराठी मात्र जमेना. आधी खडूने आखलं, "अतिक्रमण करणाऱ्यांवर खटला भरण्यात येईल". काकांना फोटो पाठवला तर लगेच फोन, "अरे, ही महापालिकेची पाटी वाटतेय. माझ्या जागेत कोणी टपरी टाकलेली नाही. लोक येतात आणि जातात." बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडे तुळशीबागेच्या तोंडाशी तर अतिक्रमण हे महापालिकेच्या माल उचलणाऱ्या गाडीचंच नाव झालंय. कोणीतरी ओरडतो, "अतिक्रमण आलं रे!" की पथारीवाले चादरीची चार टोकं धरून बोळात पळतात. म्हणजे हद्द ओलांडणाऱ्याचं नाव त्याला उचलायला येणाऱ्यालाच चिकटलं. हे मला लहानपणापासून कोडं आहे.

मुलगी दहावीत आहे. तिने पाटी वाचून सांगितलं, "बाबा, ट्रेस करून पास होणारे, म्हणजे कॉपी करणारे." हसलो, पण तेव्हापासून तेच डोक्यात आहे. यातला पास परीक्षेतला की बसचा? आणि ट्रेस म्हणजे आमच्या ट्रेसिंग पेपरातला का? मुळात हा शब्द आला कुठून, आणि मराठीत याला शोभेल असा जोडीदार कोण?

शुक्रवारी पाटी द्यायची आहे. प्रायमर मारून पत्रा वाळतोय.

उच्चारात_गडबड

दादा, तुमच्या मुलीने अर्ध बरोबर ओळखलंय. मी रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच शिकले, पुढे बरीच वर्षं शिकवलं, तेव्हा या शब्दावर माझा थोडा हक्क आहे.

शब्द इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून. १०६६ साली नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग दरबारात आणि कोर्टात कित्येक पिढ्या फ्रेंच चालली. आपल्याकडे कचेरीत फारसी मुरली आणि दावा, वकील, जप्ती, फिर्याद मागे ठेवून गेली, तसंच. 'त्रेसपासे' हे जुनं फ्रेंच क्रियापद. त्यातलं 'त्रेस' म्हणजे लॅटिन 'ट्रान्स', पलीकडे. 'पासे' म्हणजे जाणं, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'पासुस', म्हणजे पाऊल. सरळ अर्थ, पाऊल पलीकडे टाकणं.

परीक्षेतला पास, बसचा पास, कात्रजचा बायपास, पासपोर्ट, सगळे याच पावलाचे वंशज. दादा, तुम्ही कधी मैलाचे दगड रंगवले असतील तर तिथेही हेच पाऊल होतं. रोमन लोक अंतर पावलांत मोजायचे. हजार पासुस म्हणजे 'मिल्ले पासुस', त्यातलं मिल्ले तेवढं उरलं आणि त्याचा मैल झाला. त्यांचं एक पासुस मात्र आपल्या दोन पावलांएवढं. डावा पाय उचलला तिथून तोच पाय परत टेकेपर्यंत. आपल्या पुण्यातल्या देवळातल्या पासोड्या विठोबाचा यात काही हात नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण इथे कोणीतरी विचारणारच.

ट्रेसिंग पेपरातला ट्रेस वेगळा. तो 'ओढणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, ट्रॅक्टरचा भाऊबंद आहे.

आणि 'ट्रान्स'बद्दल एक गोष्ट मला फार आवडते. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ आपल्या 'तॄ' धातूशी जोडतात. तरणे, तारू, उतरणे, अवतार, तीर्थ हे त्या धातूचे शब्द. तीर्थ म्हणजे मुळात नदी पायी ओलांडता येते ती उताराची जागा. फाटकावरच्या धमकीतला पहिला तुकडा आणि आळंदीचं तीर्थ एकाच घरातले निघाले.

फ्रेंचमध्ये मात्र हा शब्द फार वेगळ्या वाटेने गेला. आजच्या फ्रेंचमध्ये 'त्रेपा' म्हणजे मृत्यू. पलीकडे गेला तो गेलाच. आपण पैलतीराला लागला म्हणतो त्यातलाच प्रकार. त्यामुळे तुमची पाटी एखाद्या फ्रेंच आजीने वाचली तर तिला वाटेल, मेलेल्यांवर खटले भरतायत.

चार_नंबर_ब्रश

ताई, हात जोडले. मैलाचे दगड वडिलांनी रंगवलेत, पिवळी टोपी, पांढरं अंग, काळे आकडे. त्यांना कळलं असतं की यातही तोच शब्द लपलाय तर जेवले नसते त्या दिवशी.

पण मग पाऊल पलीकडे टाकणं म्हणजे अतिक्रमणच झालं की. क्रमणे म्हणजे चालणे, वाट क्रमणे म्हणतोच आपण. मग काकांना ते का खटकलं?

उच्चारात_गडबड

अगदी नेमकं बोट ठेवलंत. 'अति' आणि 'क्रम्', पाऊल टाकणे. ट्रेसपासचा शब्दशः जुळा भाऊ. आणि या क्रम् ने मराठीत जो पसारा मांडलाय! पुढे टाकलं तर पराक्रम, अंगावर टाकलं तर आक्रमण, सूर्याने मकर राशीत टाकलं तर संक्रांत.

खटकलं याचं कारण, इंग्रजीत दोन शब्द आहेत आणि मराठीत आपण एकाच शब्दाच्या डोक्यावर दोन्ही हंडे दिलेत. नुसतं आत येणं म्हणजे ट्रेसपास. दुसऱ्याची जागा हळूहळू गिळणं म्हणजे एन्क्रोच. हा दुसराही जुना फ्रेंच, पण पावलाचा नव्हे. त्याच्या पोटात 'क्रोक' आहे, म्हणजे आकडा. आकडा अडकवून ओढून घेणं. आपण विजेच्या तारेवर आकडा टाकतात म्हणतो ना, तीच कल्पना. आणि छोटा आकडा म्हणजे क्रोशे, जिच्याने आई रुमाल विणायची ती क्रोशाची सुई. (अंतराचा कोस संस्कृत 'क्रोश'वरून आला, हाक ऐकू जाईल इतकी लांबी. त्याचा या सुईशी संबंध नाही, नुसता योगायोग.)

मराठी अतिक्रमण चालता चालता हातात आकडा घेऊन बसलं. म्हणून तुमच्या काकांना टपरी दिसली.

बांधावरची_बाभूळ

आमच्या भोरकडे या आकड्याला बांध कोरणं म्हणतात. नांगर दरवर्षी चार बोटं आत. दहा वर्षांनी मोजणीवाला येतो तेव्हा हद्दीचा दगड शेजाऱ्याच्या विहिरीपाशी सापडतो. आत येणाऱ्याला आम्ही काही म्हणत नाही, चहा विचारतो. कोरणाऱ्याला विचारत नाही.

शनिवारी_दुपारी_बंद

पाटी मराठीत कशाला लावता? मराठी माणूस ती पूर्ण वाचतो, शुद्धलेखन तपासतो, आणि तिथेच उभं राहून दुसऱ्याला दाखवतो. तो ट्रेसपास नव्हे, मुक्काम.

तारीख_पे_तारीख_निवृत्त

मी शिवाजीनगर कोर्टात बत्तीस वर्षं कारकुनी केली. अर्थ ताईंनी सांगितला, पण दादा, पाटीच्या दुसऱ्या अर्ध्यात खरी गंमत आहे.

भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या कलम ४४१ ला मराठीत 'फौजदारीपात्र अतिक्रमण' म्हणत. 'पात्र' या शब्दाकडे नीट बघा. नुसतं दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकलं की गुन्हा, असं ते कलम म्हणत नाही. आत शिरणाऱ्याच्या मनात काहीतरी हवं. गुन्हा करायचा इरादा, नाहीतर जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला धाक घालायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा इरादा. रीतसर आत आला आणि मग त्याच इराद्याने हटून बसला, तरी लागू. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे हे कलम ३२९ मध्ये आहे. तीन महिने तेवढेच राहिले, दंड पाच हजारांपर्यंत गेला. राहत्या घरात शिरला तर गृह-अतिक्रमण, त्याला एक वर्षापर्यंत.

आता तुमच्या काकांचे रविवारचे पाहुणे. भजी तळायला आले. त्यांचा इरादा भजी. काकांना त्रास झाला हे खरं, पण त्रास होणं वेगळं आणि त्रास द्यायच्या इराद्याने येणं वेगळं. त्यावर वकील तासभर बोलतील. बाकी मार्ग दिवाणी. मनाईहुकूम मागा, नुकसानभरपाई मागा. इंग्लंडातही साधं ट्रेसपास हे दिवाणीच, म्हणून तिकडच्या कायद्याच्या पुस्तकांत या पाटीला 'लाकडी थाप' म्हणतात. फळीवर रंगवलेली थाप. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर फार सुंदर अक्षरात थापा रंगवल्या म्हणायच्या. रागावू नका.

रेल्वेचं मात्र तसं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७, हक्क नसताना रुळांवर पाऊल टाकलं की झालं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. तिथे इरादा कोणी विचारत नाही. आमचे एक साहेब रोज रूळ ओलांडून कोर्टात यायचे, वर अशाच केसेस चालवायचे.

चार_नंबर_ब्रश

काका, रागावलो नाही. पण वडिलांचा फोटो दुकानात आहे, त्याच्याकडे बघवेना थोडा वेळ.

कॅम्पातली_चिंच

मी कॅम्पातल्या एका मिशनरी शाळेत होते. रोज सकाळी प्रार्थनेत हा शब्द यायचा. 'आमचे ट्रेसपासेस माफ कर, जसे आम्ही आमच्याविरुद्ध ट्रेसपास करणाऱ्यांना माफ करतो.' शाळेमागे एका पारशी बंगल्याची भिंत होती, पलीकडे चिंचेचं झाड. त्याच्या फाटकावर दादांची हीच पाटी. मला सातवीपर्यंत वाटायचं की बाई आमच्याकडून रोज चिंचांबद्दलच माफी मागवतात. देवाला एवढं बारीक कसं कळतं, याची भीती वाटायची.

मोठी झाल्यावर कळलं की इंग्रजीत हा शब्द आला तोच मुळी पाप, आगळीक या अर्थाने, तेराशे सालाच्या आसपास. जमिनीत शिरण्याचा अर्थ नंतर, पंधराव्या शतकात दिसू लागतो. म्हणजे पाटीपेक्षा प्रार्थना जुनी. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात ट्रेसपासेस आहे. पण १६११ च्या बायबलमध्ये त्याच ओळीत 'ऋण' आहे, आणि आमच्या मराठी चर्चमध्येही आजी ऋणच म्हणायची, जशी आम्ही ऋण्यांची ऋणं सोडली तशी आमची सोड. मूळ ग्रीकमध्येही ऋणच आहे. त्यामुळे घरी मी कर्जदार आणि शाळेत चिंचाचोर.

भुसार_बाजार

चिंचताईंचं वाचून राहवलं नाही. आम्ही जैन, मार्केट यार्डात तीन पिढ्यांची पेढी. माफी आणि पाऊल हे नातं आमच्याकडे रोजचं आहे. प्रतिक्रमण म्हणतात त्याला. तोच क्रम्, पण उलटा. जिथपर्यंत गेलो तिथून पाऊल मागे घेणं.

आणि पुढे टाकलेल्या पावलाच्याही चार पायऱ्या सांगितल्यात. अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. माझे आजोबा गुळाच्या ढेपेवर समजावायचे. जे खायचं नाही असा नियम घेतलाय ते खावंसं वाटलं, अतिक्रम. उठून तिकडे निघालो, व्यतिक्रम. हातात घेतलं, अतिचार. तोंडात टाकलं, अनाचार. "पहिल्या तिन्हीत परत फिरता येतं, तोंडात गेल्यावर गूळ कोणाचा?" असं विचारून ते खडा आपल्याच तोंडात टाकायचे.

मजा म्हणजे हिंदीत ट्रेसपासला कायद्यातला शब्द अतिचार आहे. 'अति' आणि 'चर्', चालणे. पुन्हा पाय. कोर्टवाल्या काकांचा इरादा म्हणजे आमचा अतिक्रम. कायदा दुसऱ्या पायरीवर जागा होतो आणि तरी पहिल्या पायरीचा पुरावा मागतो.

उच्चारात_गडबड

काय सुरेख! आता मलाही एक जोडू द्या. ट्रेसपासची एक पुस्तकी थोरली बहीण आहे, ट्रान्सग्रेस. 'ट्रान्स' तोच, पुढे लॅटिन 'ग्रादी', पाऊल टाकणे. त्याच घरातला 'ग्रादुस' म्हणजे पाऊल आणि पायरीसुद्धा. ग्रेड, प्रोग्रेस त्यातलेच, आणि काँग्रेस म्हणजे चालत येऊन एकत्र जमणं. ट्रान्सग्रेस फाटकावर कधी लिहीत नाहीत, तो नीतिनियम मोडण्यासाठी राखून ठेवलाय. मराठीत त्याला उल्लंघन म्हणतात, पण उल्लंघनात पाऊल नाही, उडी आहे. लंघ् म्हणजे उडी मारणे. दसऱ्याचं सीमोल्लंघन त्यातलंच, आणि जेवणाच्या वेळेवरून उडी मारली की लंघन. मला विचाराल तर ट्रान्सग्रेसचं खरं मराठी आपल्या आयांच्या तोंडात होतं, "पायरी सोडून बोलू नकोस." आणि कुजबुजीत, "तिचं पाऊल वाकडं पडलं." हे दुसरं नेहमी 'तिचंच' का पडायचं, हा वेगळा धागा होईल.

बांधावरची_बाभूळ

पाटीचं काय झालं मग?

चार_नंबर_ब्रश

शुक्रवारी दिली.

काकांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं, लाकडी थापेसकट. ते बँकेतून निवृत्त, चिडतील वाटलं होतं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "इंग्रजी आहे तसं राहू दे, त्याचे पैसे ठरलेत. मराठीत खरं लिही." मी सुचवलं, "खासगी जागा आहे. विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये." पाऊल ठेवायचंच होतं मला, ताईंचं मिल्ले पासुस डोक्यात होतं. काकांनी त्यात 'कृपया' घालायला लावलं, मग काढायला लावलं, मग म्हणाले, "कोणाला विचारायचं ते कुठे लिहिलंय? फोन नंबर घाल." मी म्हटलं, नंबर घातला तर रविवारी शंभर लोक फोन करून विचारतील, चूल मांडू का. नंबर घालायचा राहूनच गेला.

पाटी पत्र्याची आहे, खाली रेड ऑक्साइड, वर पांढरं एनॅमल, काळी अक्षरं, 'खासगी' तेवढं तांबडं. त्यामुळे कोर्टवाल्या काकांना लाकडी म्हणता येणार नाही.

पहिले तीन एस मी काढले. चौथा मुलीने हट्टाने काढला. जरा पालथा पडलाय, काकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.